गॅस पिस्तुलांच्या रिकॉइल स्प्रिंग: एप्रिल ते जून २०२५ च्या नोंदी

२ एप्रिल २०२५

पोलिसी मालिकेची चार एअरसॉफ्ट (खऱ्यासारखी दिसणारी, प्लास्टिकच्या गोळ्या उडवणारी) पिस्तुलं आज ठाण्यातल्या कोलशेतच्या गाळ्यावर आली. जपानी बनावट, एबीएस प्लास्टिकची स्लाइड (वरचा, मागे-पुढे सरकणारा भाग), गॅसवर चालणारी. सोबत, काम आणणाऱ्या दादांनी एक पुडकं दिलं. त्यात बाजारातून आणलेल्या रिकॉइल स्प्रिंग (मागे गेलेली स्लाइड परत पुढे आणणाऱ्या), पुडक्यावर ठळक ‘१५० टक्के’. निरोप एवढाच: चारही पिस्तुलांत टाकून दे, परवा सेटवर हवीत.

तक्रारी दोन आहेत आणि त्या एकमेकींच्या उलट आहेत. घोडबंदर रोडच्या फ्लोअरवर (स्टुडिओत) पोलीस ठाण्याचा सेट लागलाय. तिथे एसी चालू असतो आणि चार-पाच टेक झाले की स्लाइड अर्ध्यात अडते. त्याच मालिकेचं आउटडोअर दुपारी गायमुखकडे चाललं होतं, तिथे स्लाइड इतकी आपटत होती की फाइट मास्टरच कुरकुरले. तीन नंबरच्या पिस्तुलाला इजेक्शन पोर्टच्या (स्लाइडवरच्या, पुंगळी बाहेर पडायच्या खिडकीच्या) पुढच्या कोपऱ्यात बारीक चीर गेलेली दिसते. आत ताकद कमी, बाहेर जास्त. कडक स्प्रिंग टाकली तर बाहेरचं कदाचित सुधारेल, आतलं नक्की बिघडेल. दादांना फोन करून सांगितलं, आधी मोजते, मग टाकते. ‘मोजण्यात आठवडा घालवू नकोस,’ असं म्हणाले खरे, पण हो म्हणाले.

नवीन मुलगा मदतीला आलाय, त्याच्यासाठी थोडं लिहून ठेवते. सेटवर गॅसची पिस्तुलं का, तर स्लाइड खरोखर मागे-पुढे होते, नटाच्या मनगटाला झटका बसतो आणि नळीतून काही सुटत नाही. जाळ नंतर संगणकावर घालतात. २०२१ च्या ऑक्टोबरात न्यू मेक्सिकोत चित्रीकरणाच्या तयारीत खऱ्या रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटली आणि हॅलिना हचिन्स ही छायालेखिका गेली. त्यानंतर परदेशातल्या काही मालिकांनी सेटवर खरं हत्यार आणणंच बंद केलं. आमच्याकडे नियम त्याहून कडक आहे: प्लास्टिकची गोळीसुद्धा पेटीत नाही. चारही पिस्तुलांच्या मॅगझिनमधली (गॅस आणि गोळ्या भरायचा, मुठीत बसणारा डबा) गोळ्यांची वाट एपॉक्सीने बुजवलेली आहे. आउटडोअरला पेटी कुलूपबंद जाते आणि स्थानिक पोलीस ठाण्याला आधी पत्र जातं. लांबून बघणाऱ्याला ते पिस्तूलच दिसतं, खेळणं दिसत नाही.

४ एप्रिल

मूळ स्प्रिंग मोजली. बेंच ड्रिलच्या चकमध्ये सपाट टोकाचा रॉड, खाली किचनमधला डिजिटल काटा, काट्यावर गाइड रॉडसाठी भोक पाडलेला लाकडी ठोकळा. स्प्रिंग रॉडवर ओवली, ड्रिलचा हात खाली आणत दर पाच मिलिमीटरला काट्याचा आकडा लिहिला. रॉडशिवाय दाबली तर एवढी लांब स्प्रिंग कमरेत वाकते आणि आकडे खोटे येतात.

तार ०.८ मिमी, बाहेरचा व्यास ७.६, एकूण वेढे २८, त्यातले दोन टोकांचे बसलेले, म्हणजे काम करणारे २६. मोकळी लांबी ९५ मिमी. पिस्तुलात स्लाइड पुढे असताना तिला ७५ मिमी जागा मिळते, स्लाइड पूर्ण मागे गेली की ४५. म्हणजे बसवतानाच ती २० मिमी दाबलेली असते आणि पुढे आणखी ३० मिमी दाबली जाते.

दर मिलिमीटरला जवळपास अर्धा न्यूटन. स्लाइड पुढे असताना १० न्यूटन, मागे असताना २५. वजनाच्या भाषेत एक किलोपासून अडीच किलोपर्यंत. हाताला मऊच लागते. मऊ ठेवण्यामागे कारण आहे, ते गॅसच्या नोंदीत येईल.

५ एप्रिल

पुडक्यातली ‘१५० टक्के’.

तार ०.९ मिमी. बाहेरचा व्यास तोच, वेढे तेवढेच. मोकळी लांबी मात्र १००.

कडकपणा ०.८३ न्यूटन प्रति मिमी. मूळच्या १६७ टक्के. गोष्ट इथे थांबत नाही, कारण ही स्प्रिंग पाच मिलिमीटर लांबही आहे. त्याच ७५ मिमी जागेत ती २० ऐवजी २५ मिमी दाबून बसते. त्यामुळे स्लाइड पुढे असताना जोर १० न्यूटनचा थेट २१ होतो. मागे २५ चा ४६. म्हणजे पुडक्यावर दीडपट, बसवताना दुप्पट, आणि पूर्ण मागे असताना पावणेदोन पटीच्या वर.

हे टक्के कशाचे, हे छापणाऱ्याने सांगितलेलंच नाही. तारेचे? कडकपणाचे? पुढच्या जोराचे? कुठल्या मूळ स्प्रिंगच्या तुलनेत? पॅकेटवरचा टक्का हा साडीवरच्या सेलच्या बोर्डासारखा वाचायचा, आधी मूळ किंमत विचारायची.

स्लाइड परत येताना स्प्रिंग तिच्यात किती ऊर्जा ओतते, तेही काढलं. सरासरी जोर गुणिले ३० मिमी. मूळची अर्ध्या ज्यूलला जरा जास्त, ही जवळपास एक ज्यूल. ब्लोबॅकच्या (गॅसने स्लाइड मागे ढकलणाऱ्या) भागासकट स्लाइड ११० ग्रॅम भरली. घर्षण सोडलं तर मूळ स्प्रिंगवर ती सेकंदाला तीन मीटरने पुढे येऊन थांबते, हिच्यावर सव्वाचारने. लोक रिकॉइल स्प्रिंग कडक करतात ती स्लाइड मागे आपटू नये म्हणून. मागची आपट थोडी कमी होते हे खरं. पण पुढची दुप्पट होते, आणि तीन नंबरची चीर स्लाइडच्या पुढच्या अंगालाच आहे.

तरी एका पिस्तुलात घालून बघायची. दादांचं समाधान आकड्यांनी होत नाही.

९ एप्रिल

गॅस.

सेटवर प्रोपेन नको, हा निर्णय माझ्या आधीपासूनचा आहे. बाहेरदेशी ज्याला ग्रीन गॅस म्हणतात तो मुळात प्रोपेन आणि थोडं सिलिकॉन तेल. लाइटखाली, पडद्यांच्या आणि प्लायच्या सेटवर जळणारा गॅस सोडायचा नाही. घरचा सिलिंडर तर विषयच नाही. त्यात ब्युटेन-प्रोपेनचं मिश्रण आणि वर वास. म्हणून आम्ही १३४ए वापरतो, गाडीच्या एसीत भरतात तोच. जळत नाही. ठाणे स्टेशनजवळच्या फ्रिज-एसी स्पेअरच्या दुकानांत कॅन मिळतो. घेताना एवढंच बघायचं की गळती बुजवणारं द्रव्य किंवा रंग मिसळलेला कॅन नको, त्याने झडपेचे रबर चिकट होतात. या गॅसमध्ये तेल नसतं, म्हणून ओ-रिंग आणि पिस्टनच्या कपला सिलिकॉन तेलाचा थेंब आपण द्यायचा. शिवणयंत्राचं तेल अजिबात नाही, त्याने रबर फुगतं.

आता मुख्य मुद्दा. बाटलीत किंवा मॅगझिनमध्ये थोडासा जरी द्रव शिल्लक असला तरी दाब किती, हे फक्त तापमानावर ठरतं. किती भरलंय त्यावर नाही. १३४ए चा दाब २० अंशांना वातावरणापेक्षा ४.७ बार वर असतो, ३० ला ६.७, ३५ ला ७.९. आणि प्रोपेनचा २० अंशांना? ७.४.

म्हणजे आमच्या ३५ अंशांतला १३४ए हा २० अंशांतल्या प्रोपेनपेक्षाही जरा जोरदार आहे. जपानी पिस्तूल १३४ए साठी बनलंय म्हणून त्याची स्प्रिंग मऊ आणि स्लाइड प्लास्टिकची. तिकडचे लोक प्रोपेन भरायचा झाला तर कडक स्प्रिंग टाका, म्हणतात. आम्ही कंपनीने सांगितलेलाच गॅस भरतो आणि तरी एप्रिलच्या दुपारी आमच्या पिस्तुलाच्या दृष्टीने तो प्रोपेनच असतो. बाहेरच्या तक्रारीचं कारण हे.

आतल्या तक्रारीचं कारण याच नियमाचं दुसरं टोक. प्रत्येक झटक्याला द्रवातला थोडा भाग उकळून वायू होतो, आणि उकळायला लागणारी उष्णता तो मॅगझिनच्या धातूकडून घेतो. एसीच्या फ्लोअरवर २१ अंशांनी सुरुवात झाली, फाइट मास्टरने भराभर दहा-बारा झटके मागितले, की मॅगझिन हाताला गार लागतं. आज थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) चिकटवून बघितलं: सलग एक मॅगझिन सोडल्यावर १२ अंश. १० अंशांना १३४ए चा दाब वातावरणावर तीन बारच्या आसपास उरतो.

तेव्हा एकच पिस्तूल एकाच दिवसात तीन बारांवरही चालवायचं आणि आठावरही. कुठलीही एक स्प्रिंग हे दोन्ही सांभाळू शकणार नाही, टक्का कितीही छापा.

१५ एप्रिल

बाजारची स्प्रिंग दोन नंबरात घातली. फोनचा स्लो-मोशन सेकंदाला २४० फ्रेम, म्हणजे एक फ्रेम साधारण चार मिलिसेकंद. ट्रायपॉड, बाजूने प्रकाश, स्लाइडवर पांढऱ्या टेपचा तुकडा.

बाहेर, सावलीत ३४ अंश: छान. आवाज कोरडा, स्लाइड पूर्ण मागे, मागची आपट कमी. दादा खूश.

आत, २१ अंश: पहिले दोन-तीन झटके ठीक, मग स्लाइड पूर्ण मागे पोचेना. हॅमर (गॅसची झडप ठोकून उघडणारा घोडा) चढत नाही, पुढचा ट्रिगर मोकळा. नटाने डायलॉग म्हटला, ट्रिगर ओढला, काहीच झालं नाही. आतल्या फ्लोअरवर ही स्प्रिंग बाद.

पण खरी गंमत कॅमेऱ्याची निघाली, ती मला आधी सुचलीच नव्हती. मूळ स्प्रिंगवर स्लाइड हलायला लागल्यापासून परत बसेपर्यंत फोनच्या दहा फ्रेम, म्हणजे बेचाळीस मिलिसेकंद. बाजारच्या स्प्रिंगवर सात, एकोणतीस. मालिका सेकंदाला २५ फ्रेमने शूट होते, एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, आणि शटर त्यातला निम्मा वेळच उघडं असतं. मूळ स्प्रिंगची उघडी स्लाइड कुठल्या ना कुठल्या फ्रेममध्ये नीट सापडते. कडक स्प्रिंगची कधी सापडते, कधी नुसती धूसर रेघ. डीओपीने (मुख्य छायालेखकाने) मॉनिटरवर मागे-पुढे करून बघितलं आणि म्हणाले, ‘ताई, स्लाइड हललीच नाही.’ हलली होती. कॅमेरा मिटलेला असताना हलली.

खेळासाठी पिस्तूल वापरणाऱ्याला वेगाने परत येणारी स्लाइड हवी असते. आम्हाला ती दिसायला हवी. त्यांच्या शिफारशी उचलून आमच्या पिस्तुलात घालण्यात अर्थ नाही, हे एका दुपारीत पटलं. दादांनाही.

१९ एप्रिल

मग किती कडक हवी? मूळच्या सव्वापट, असा अंदाज धरला. मागची आपट थोडी कमी होईल, पुढची फार वाढणार नाही, आणि स्लाइड कॅमेऱ्याला दिसेल इतकी संथ राहील. बाजारात सव्वापट नावाची स्प्रिंग मिळते, पण नाव आता मला पुरेसं नाही. करून घ्यायची.

हिशेब वहीत मांडला. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, वेढ्याच्या सरासरी व्यासाच्या तिसऱ्या घाताने कमी होतो आणि वेढ्यांच्या संख्येने साधा भागला जातो. चौथा घात म्हणजे किती, हे ०.८ वरून ०.९ ला जाऊन बघा. जाडी साडेबारा टक्के वाढली, त्याच बाहेरच्या व्यासात कडकपणा ६७ टक्के. बाजारची स्प्रिंग हीच. ती बनवणाऱ्याने वेगळं काही केलेलं नाही, तार एक दशांश मिलिमीटरने जाड घेतलीय आणि लांबी थोडी वाढवलीय.

०.८५ ची तार मिळवणं कठीण. ०.९ च घ्यायची आणि वेढे वाढवून तिला मऊ करायची. साध्या स्प्रिंग वायरमध्ये ३४ कार्यरत वेढे घेतले तर कडकपणा मूळच्या १२८ टक्के येतो. दोन टोकांचे धरून ३६ वेढे, पूर्ण मिटल्यावर ३२.४ मिमी. जागा ४५. बसते.

जाड तार आणि भरपूर वेढे हा मोह होतो, कारण जाड तार टिकाऊ वाटते. १ मिमी तारेत दीडपट कडकपणा हवा असेल तर ४६ वेढे लागतात, टोकांचे धरून ४८. सगळे मिटले की ४८ मिमी. आणि स्लाइड पूर्ण मागे असताना जागा ४५. म्हणजे वेढ्याला वेढा टेकून स्प्रिंग नळकांडं होईल, स्लाइड तीन मिलिमीटर आधीच दगडावर आपटल्यागत थांबेल आणि सगळा मार प्लास्टिकच्या गाइड रॉडला. हॅमर चढला तरी स्लाइड स्टॉपची (स्लाइड मागे अडकवून धरणाऱ्या खटक्याची) खाच काही गाठणार नाही.

एक विचार राहिला: पाऊस. साधी स्प्रिंग वायर ठाण्याच्या पावसाळ्यात महिन्यात तांबूस पडते. झिंक चढवून घेता येतं, पण इतक्या बारीक, ताणलेल्या तारेत प्लेटिंगचा हायड्रोजन शिरला की ती ठिसूळ होते. लगेच भाजून तो काढावा लागतो, आणि छोट्या लॉटसाठी ते कोण नीट करणार? म्हणून स्टेनलेस, ३०२. तिचा कडकपणाचा गुणांक साध्या वायरपेक्षा साधारण आठव्या भागाने कमी, ६९ विरुद्ध ७९ गिगापास्कल. त्यामुळे वेढे कमी पुरतात: ३० कार्यरत, एकूण ३२, मिटल्यावर २८.८ मिमी. कडकपणा ०.६३, मूळच्या १२७ टक्के. लांबी ९५ च ठेवली तर पुढे साडेबारा न्यूटन, मागे एकतीस. स्लाइडला परत मिळणारी ऊर्जासुद्धा बरोबर त्याच प्रमाणात. यालाच मी सव्वापट म्हणते, कारण इथे तिन्ही आकडे एकाच पटीने वाढतात.

२२ एप्रिल

वागळे इस्टेट, रोड नंबर २२ च्या अलीकडे. स्प्रिंगवाले काका. आयटीआयच्या दिवसांपासून ओळख. मोठी ऑर्डर कॉइलिंग मशीनवर आणि आमच्यासारख्यांची किरकोळ जुन्या लेथवर मॅण्ड्रेल (तार ज्यावर गुंडाळतात तो दांडा) लावून.

वही बघून काका म्हणाले, ‘हिशेब बरोबर आहे, पण ९५ लांबी मागू नकोस.’

‘का?’

‘९५ ची करून दिली तर तुझ्या पिस्तुलात चार दिवसांत ९३ होईल. ९७ ची करतो, पूर्ण दाबून सेट काढतो, मग ९५ ला बसेल आणि तिथेच राहील.’

नवी स्प्रिंग पहिल्यांदा वेढे टेकेपर्यंत दाबली की तारेतले काही अंतर्गत ताण सरकतात आणि ती थोडी आखूड होते. ते काम कारखान्यात उरकून घेतलं तर पिस्तुलात होत नाही. हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण किती मिलिमीटर सोडायचे हे काकांच्या हातात.

मॅण्ड्रेलही असंच. आतला व्यास ५.८ हवा, पण मॅण्ड्रेल त्याहून बारीक घ्यावा लागतो, कारण सुटल्यावर वेढा उलगडतो. किती उलगडेल ते तारेच्या बंडलवर अवलंबून. काकांनी एक नमुना गुंडाळला, मोजला, मॅण्ड्रेल घासला, पुन्हा गुंडाळला. नंतर भट्टीत साडेतीनशे अंशांच्या आसपास अर्धा तास. साध्या वायरला एवढं तापमान लागत नाही, स्टेनलेसला लागतं. बाहेर आली तेव्हा स्प्रिंग फिकट सोनेरी. दादांना ही सोनेरी स्प्रिंग ‘इम्पोर्टेड’ वाटेल याची मला खात्री आहे.

‘कशाला लागतात गं एवढ्याशा?’ काकांनी विचारलं. मालिकेचं नाव सांगितलं. काकू रोज बघतात म्हणे. सेटिंग चार्ज माफ झाला.

२६ एप्रिल

स्प्रिंग आल्या. सगळ्या काट्यावर घातल्या. ७५ मिमीला बारा ते तेरा न्यूटनांत ज्या बसतात त्या वर, बाकीच्या वेगळ्या डबीत. हाताने केलेल्या लॉटमध्ये एवढा फरक धरायचाच. टोकांचं ग्राइंडिंग दोघींचं तिरकं आलं होतं, त्या परत.

१ मे

महाराष्ट्र दिन. वागळे बंद, शूटिंग चालू.

३ मे

नवीन स्प्रिंग एक आणि दोन नंबरात.

बाहेर, ३५ अंश: मागची आपट मूळपेक्षा कमी, बाजारच्या स्प्रिंगइतकी नाही. फोनच्या नऊ फ्रेम. डीओपीच्या मॉनिटरवर स्लाइड दिसते.

आत, २१ अंश: सुरुवातीला चांगली, मॅगझिन १५ अंशांखाली गेलं की लंगडते. अपेक्षितच होतं. स्प्रिंगने थंडीचा प्रश्न सुटत नाही, तो मॅगझिनचं तापमान सांभाळून सोडवायचा.

त्यासाठी थर्मोकोलचा खोका. तळाला कोमट पाण्याच्या दोन बाटल्या, वर टॉवेल, त्यावर मॅगझिन, झाकणातून थर्मामीटर. ३० अंशांवर ठेवायचं. शॉट लागला की तिथून काढून द्यायचं, टेक झाला की गार झालेलं परत आत आणि दुसरं द्यायचं. स्पॉटदादांना दोन वेळा सांगितलं, आता ते माझ्यापेक्षा शिस्तीत करतात. ३० अंशांच्या मॅगझिनवर नवीन स्प्रिंग आतही तशीच चालली, जशी बाहेर चालते. म्हणजे दोन जागांसाठी दोन स्प्रिंग बदलत बसायची गरज उरली नाही. बदलायचं तापमान, स्प्रिंग तीच.

उलट्या बाजूनेही तोच खोका. बाहेर दुपारी त्याच खोक्यात बाटल्या साध्या पाण्याच्या, मॅगझिन उन्हात तापू नयेत म्हणून.

६ मे

घोडबंदरवर मेट्रोच्या कामात आणि गायमुखच्या घाटात गाडी दीड तास अडकली. पेटी डिकीत. सेटवर पोचून मॅगझिन लावलं तर ट्रिगर ओढल्यावर नुसता टक. गॅस आहे, सुटत नाही. धातू हाताला चटका देत होता.

गॅस पन्नास अंशांना गेला तर १३४ए चा दाब वातावरणापेक्षा बारा बारच्या वर जातो. एवढा दाब झडपेला आतून दाबून धरतो आणि हॅमरचा फटका तिला उघडू शकत नाही. अशा वेळी हॅमरची स्प्रिंग कडक करणारे आहेत. मला ते पटत नाही. झडप उघडत नाही हीच चांगली गोष्ट आहे, नाहीतर त्या दाबाने स्लाइड गेली असती. सावलीत पंधरा मिनिटं ठेवलं, चालू झालं. यापुढे पेटी डिकीत नाही, एसीत, मांडीवर.

८ मे

जोडकामं. प्लास्टिकचे गाइड रॉड नवीन स्प्रिंगने किंचित वाकतात, स्लाइड काढून पाहिलं तर खालच्या अंगाला घासल्याची खूण. वागळेतून स्टेनलेसचे ५ मिमी रॉड टर्न करून घेतले, डोकं मूळ मापाचं. मागच्या डोक्यावर रबरी बफर चढवायचा सल्ला मिळाला होता, चढवला नाही. दोन मिलिमीटर बफर म्हणजे मागचा प्रवास दोन मिलिमीटर कमी, आणि स्लाइड स्टॉपला खाच मिळायला तेवढीच जागा आहे.

नोझलची (मॅगझिनमधला गॅस पुढे नेणाऱ्या, स्लाइडमधल्या तोटीची) परत आणणारी स्प्रिंग वेगळी आणि अगदी नाजूक, तिला हात लावायचा नाही. चारातल्या एका पिस्तुलात ती सैल झाली होती, नोझल उशिरा बसायचं आणि गॅस फुस्स करून निसटायचा. तो दोष रिकॉइल स्प्रिंगचा समजून लोक तीच बदलत बसतात. ओळख सोपी: स्लाइड काढून नोझल बोटाने पुढे ओढायचं आणि सोडायचं. चटकन मागे गेलं पाहिजे.

१४ मे

आज खास शॉट: नायकाचं पिस्तूल रिकामं होतं आणि स्लाइड मागेच अडकते. आमच्या मॅगझिनमध्ये फॉलोअर (गोळ्या वर ढकलणारा तुकडा) खाली अडकवून ठेवलेला असतो, नाहीतर गोळ्या नसल्यामुळे पहिल्याच झटक्याला स्लाइड अडकेल. या शॉटसाठी एका मॅगझिनचा फॉलोअर मोकळा केला आणि त्यावर लाल टेप लावली. म्हणजे शेवटच्या कटला तेच मॅगझिन द्यायचं, आधीच्या कटला नाही. कंटिन्युटीवाल्या ताईंनी टेप कॅमेऱ्यात येते म्हणून तळाला हलवायला लावली. बरोबर होतं त्यांचं.

अडकलेली स्लाइड म्हणजे एकतीस न्यूटन एका प्लास्टिकच्या खाचेवर. मूळ स्प्रिंगला पंचवीस होते. रिहर्सलला स्लाइड मागे अडकवून ठेवायची नाही, टेकच्या वेळीच, असं सांगून ठेवलं. नटांना ती मागे ओढून ‘खटॅक’ सोडायचा फार नाद.

२७ मे

काल मान्सून मुंबईत दाखल झाला, गेल्या पंच्याहत्तर वर्षांत इतका लवकर कधी नाही. आउटडोअर रद्द, सगळे फ्लोअरवर, गाळ्याबाहेर घोटाभर पाणी.

काढून ठेवलेल्या जुन्या स्प्रिंग प्लास्टिकच्या डबीत होत्या. टोकांच्या वेढ्यांवर तांबूस ठिपके आलेच. स्टेनलेसवर काही नाही, पण त्या जेमतेम महिन्याच्या आहेत, ऑगस्टनंतर बोलू.

बाहेर २७ अंश झाल्यावर दुपारची आपट आपोआप गेली. पाऊसभर खोका ३० वर ठेवला की चारही पिस्तुलं एकसारखी.

दादा विचारत होते, ‘मग उन्हाळ्यासाठी वेगळी आणि पावसाळ्यासाठी वेगळी स्प्रिंग ठेवायची का?’ नाही. चार वेळा स्लाइड उघडून स्प्रिंग बदलण्यापेक्षा बाटलीत कोमट पाणी भरणं सोपं, आणि ते स्पॉटदादांनाही येतं.

६ जून

महिनाभर चाललेल्या स्प्रिंग परत मोजल्या. ९५ च्या ९४.७ ते ९५. काकांचे दोन मिलिमीटर कामी आले. ७५ ला जोर अजून बारा न्यूटनांच्या वर.

एक नंबरच्या स्लाइडचा पुढचा कोपरा भिंगाखाली स्वच्छ. तीन नंबरची चीर मात्र आतून सायनोअॅक्रिलेट आणि पातळ अॅल्युमिनियमच्या पट्टीने सांधून फक्त लांबच्या शॉटसाठी ठेवलीय. तिच्यात मुद्दाम मूळ स्प्रिंगच. फुटायच्या वाटेवरच्या स्लाइडला पुढून जास्त मार कशाला?

पेटीच्या झाकणाला आतून कागद चिकटवला: तार ०.९ स्टेनलेस ३०२, बाहेरचा व्यास ७.६, एकूण वेढे ३२, मोकळी लांबी ९५; ७५ मिमीला १२.५ न्यूटन, ४५ मिमीला ३१. गॅस १३४ए, मॅगझिन ३० अंश, ४० च्या वर कधीच नाही. ९३ च्या खाली गेली की बदला. टक्का कुठेही लिहिला नाही.

पुडक्यातल्या उरलेल्या ‘१५० टक्के’ दादांनी परत मागितल्या नाहीत. एक कापून तिचे दोन तुकडे मॅगझिनच्या खोक्याच्या झाकणाला बसवले. झाकण आता घट्ट मिटतं.

पुढचं काम आलंय: नवी मुंबईत रबाळ्याच्या एका बंद कारखान्यात क्लायमॅक्स, त्यात रायफल. तिची रिकॉइल स्प्रिंग दांड्याच्या नळीत असते, जागा दुप्पट, बोल्ट धातूचा आणि जड. ड्रिलच्या खालचा लाकडी ठोकळा लांब करावा लागेल.